न बसवता केलेली पारख

घरात संगणक एकच असतो. दुकानाचा जमाखर्च, मुलांची प्रमाणपत्रे, गेल्या दहा वर्षांतील छायाचित्रे हे सारे त्यातच साठवलेले असते. यंत्र जुने झालेले असते, पण चालते. अशा असंख्य यंत्रांपुढे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी एक अडचण उभी राहिली. त्या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित आधार थांबवला. तिच्या पुढची विंडोज ११ ही आवृत्ती अनेक जुन्या संगणकांवर अधिकृतपणे बसत नाही. तिला लागणारा सुरक्षेचा विशिष्ट घटक आणि पुरेसा नवा प्रोसेसर त्यांत नसतो. मग धडधाकट यंत्र भंगारात द्यावे, धोका पत्करून तसेच वापरत राहावे, की दुसऱ्या एखाद्या कार्यप्रणालीकडे वळावे, असा प्रश्न पडतो.

जाणकार माणूस अशा वेळी सहज सांगून जातो, की लिनक्स घालून बघा. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र पहिली शंका येते ती आतल्या माहितीची. ती गेली तर? ही भीती अनाठायी नाही. नवी कार्यप्रणाली बसवताना एका चुकीच्या होकाराने संपूर्ण हार्ड डिस्क कोरी होऊ शकते. परंतु कार्यप्रणाली बसवणे आणि ती चालवून पाहणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. हार्ड डिस्कवर काहीही न लिहिता, केवळ तबकडीवरून किंवा पेन ड्राइव्हवरून संपूर्ण संगणक चालवता येतो. अशा तबकडीला लाइव्ह डिस्क म्हणतात.

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाच्या यंत्रभागांना कामाला लावणारी मूळ आज्ञावली. कळफलकावरची कळ दाबली गेली हे तिला आधी कळते. पडद्यावर अक्षर उमटवणे, फाइल साठवणे, छपाईयंत्राला कागद ओढायला लावणे ही कामे तीच करवून घेते. बहुतेकांना संगणक आणि त्यावरील विंडोज ही एकच वस्तू वाटते, कारण दुकानातून ती दोन्ही एकत्र घरी येतात. प्रत्यक्षात एकाच यंत्रावर वेगवेगळ्या कार्यप्रणाली चालू शकतात. त्यांच्यातील एक मोठे घराणे युनिक्सचे आहे.

युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची हे तिचे प्रमुख निर्माते. तिची एक शाखा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विभागात वाढली आणि तिच्यापासून पुढे फ्रीबीएसडी, नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी या प्रणाली निघाल्या. दुसरीकडे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. युनिक्ससारखी, पण कोणालाही वापरता, तपासता, बदलता आणि वाटता येईल अशी प्रणाली घडवणे हा त्याचा हेतू होता. त्या प्रकल्पाची बरीच साधने तयार झाली, परंतु गाभा रखडला. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स नावाचा गाभा लिहिला आणि ती उणीव भरून निघाली. बर्कलीची शाखा त्याच सुमारास न्यायालयीन वादात अडकली होती. तो वाद १९९४ मध्ये मिटला, पण तोवर उत्साही मंडळी लिनक्सकडे वळली होती. आज घरगुती वापरासाठी लिनक्सचे नाव सर्वतोमुखी असते आणि तिची चुलत भावंडे फारशी कोणाला माहीत नसतात, याचे एक कारण या वादात आहे.

सीडीवरून चालणारी लिनक्स १९९० च्या दशकातही होती, पण ही कल्पना खऱ्या अर्थाने लोकांच्या हाती आली ती नॉपिक्समुळे. क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्याने २००० मध्ये ती प्रसिद्ध केली. एका साध्या सीडीवर ७०० मेगाबाइट माहिती मावते. नॉपिक्समध्ये आज्ञावली दाबून भरलेल्या असत, त्यामुळे त्या सीडीवर सुमारे दोन गिगाबाइटांचा ऐवज बसे. सीडी घालून संगणक सुरू केला की नॉपिक्स यंत्रातील भाग स्वतः ओळखी आणि काही मिनिटांत कार्यालयीन लेखनापासून चित्रांपर्यंतची साधने पडद्यावर मांडी. त्या काळी लिनक्स बसवणे म्हणजे पडद्याच्या क्षमतेचे आकडे स्वतः भरणे होते, हे लक्षात घेतले तर लोकांना वाटलेले आश्चर्य समजू शकते. बंद पडलेल्या संगणकातील माहिती बाहेर काढण्यासाठीही दुरुस्ती करणारे लोक तिचा उपयोग करू लागले. हार्ड डिस्कवरची कार्यप्रणाली बिघडली तरी फाइली बहुधा शाबूत असतात. फक्त तेथवर पोहोचण्यासाठी दुसरी वाट हवी असते. ती वाट नॉपिक्सने दिली. क्नॉपर यांच्या पत्नी आद्रियाने दृष्टिबाधित आहेत. त्यांच्या नावाने नॉपिक्समध्ये पुढे एक बोलणारी रचना आली. पडद्याकडे न पाहता, ऐकून आणि कळफलक वापरून संगणक चालवता यावा, अशी तिची योजना आहे.

२००४ मध्ये उबुंटू आली. तिच्या सीडी २०११ पर्यंत जगभर विनामूल्य टपालाने पाठवल्या जात. ज्या घरांत इंटरनेट नव्हते किंवा मिनिटाच्या हिशेबाने परवडत नव्हते, तेथे या पाकिटाचे मोल मोठे होते. भारतात संगणकविषयक मासिकांसोबतही अशा तबकड्या मिळत. २००६ पासून उबुंटूची एकच सीडी चालवून पाहण्यासाठी आणि आवडल्यास तिथूनच बसवण्यासाठी वापरता येऊ लागली. सोय मोठी झाली; त्याबरोबर एक धोकाही आला, त्याचा उल्लेख पुढे येईल.

तबकडीवर तर काही लिहिता येत नाही, मग तिच्यावरून चालणारा संगणक फाइल कशी बनवतो? लाइव्ह डिस्कची खरी युक्ती येथे आहे. यंत्र सुरू होताच त्याच्या मंडलफलकावरची छोटी आज्ञावली जागी होते आणि कार्यप्रणाली कोठे सापडते ते ठरलेल्या क्रमाने पाहू लागते. त्या क्रमात तबकडी किंवा पेन ड्राइव्ह आधी असेल, तर हार्ड डिस्कची पाळीच येत नाही. तबकडीवरून प्रथम प्रणालीचा गाभा आणि थोडी प्राथमिक साधने रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, उतरतात. ही साधने तबकडी शोधून तिच्यावरचा दाबून भरलेला मोठा साठा उघडतात. तो साठा सगळा एकदम बाहेर काढला जात नाही. जो भाग लागेल तेवढाच वाचला व उलगडला जातो.

या साठ्यावर रॅममधला एक कोरा थर पसरलेला असतो. छापील नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर पेन्सिलीने खुणा कराव्यात, तसा हा प्रकार आहे. वरून पाहणाऱ्याला नकाशा आणि खुणा एकत्र दिसतात. नकाशा मात्र जसाच्या तसा राहतो. आपण पत्र लिहिले, पडद्याचे चित्र बदलले, एखादी नवी आज्ञावली घातली, तरी ते सारे वरच्या थरावर उमटते. संगणक बंद झाला की रॅम रिकामी होते आणि तो कागद नाहीसा होतो. लाइव्ह डिस्क निर्धास्तपणे हाताळता येते ती यामुळे. तिची पहिली गैरसोयही यातूनच येते. तासभर खपून लिहिलेला अर्ज दुसरीकडे साठवला नाही, तर तो कायमचा जातो. काही प्रणालींत पेन ड्राइव्हचा एक भाग राखून ठेवून हा थर टिकवण्याची सोय असते. पपी लिनक्स ही छोटी प्रणाली तर स्वतःला पूर्णपणे रॅममध्ये उतरवून घेते आणि बंद होताना सत्र साठवायचे का, असे विचारते.

दुसरी गैरसोय वेगाची. सीडीवरच्या एका जागेवरून दुसरीकडे वळायला वाचकाला सेकंदाचा साधारण दहावा भाग लागतो. फिरत्या हार्ड डिस्कला त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका वेळ पुरतो. एक आज्ञावली उघडताना असे शेकडो हेलपाटे होतात. म्हणून सीडीवरून चालणारी प्रणाली मंद वाटली, तर तो दोष प्रणालीच्या माथी मारणे अन्यायाचे ठरते. आता सीडीचा जमाना सरला आहे. आजच्या बऱ्याच लाइव्ह प्रतिमा सीडीवर मावत नाहीत, काही तर ४.७ गिगाबाइटांच्या डीव्हीडीतही मावत नाहीत. त्यामुळे सारे पेन ड्राइव्हवर आले आहे आणि ‘डिस्क’ हा शब्द केवळ नावापुरता उरला आहे. पेन ड्राइव्ह सीडीपेक्षा पुष्कळ चपळ असतो. तरी जुन्या यूएसबी खाचेत तो रेंगाळतोच.

असा पेन ड्राइव्ह तयार करण्यासाठी प्रणालीच्या अधिकृत ठिकाणाहून तिची प्रतिमा-फाइल उतरवून घ्यावी लागते. तिच्यासोबत एक लांबलचक पडताळणी-संख्या दिलेली असते. उतरवलेल्या फाइलीवरून तीच संख्या निघते का, हे पाहून घ्यावे. हे काम कंटाळवाणे असते आणि बहुतेक लोक ते टाळतात. मग अर्धवट उतरलेल्या फाइलीमुळे संगणक मध्येच थबकला, की प्रणालीला नावे ठेवतात. ही फाइल पेन ड्राइव्हवर नेहमीसारखी नक्कल करून ठेवल्याने भागत नाही. त्यासाठी वेगळी लेखन-आज्ञावली लागते, आणि ती पेन ड्राइव्हवर आधी असलेले सगळे पुसून टाकते. येथे साधन निवडताना चूक झाली, तर पेन ड्राइव्हऐवजी माहितीने भरलेली दुसरी डिस्क पुसली जाऊ शकते. निरुपद्रवी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारातील पहिला खरा धोका हा, आणि तो लाइव्ह डिस्क सुरू होण्याच्याही आधी येतो.

त्यानंतर संगणक सुरू करताना निर्मात्याने ठरवलेली कळ दाबून सुरुवातीचे साधन निवडावे लागते. कोठे ती एफ १२ असते, कोठे एफ ९, एफ २ किंवा एस्केप. नव्या यंत्रांत ‘सिक्युअर बूट’ नावाचा पहारा असतो. मान्यताप्राप्त स्वाक्षरी नसलेली प्रणाली तो सुरूच होऊ देत नाही. उबुंटू, डेबियन, फेडोरा यांच्याकडे अशी स्वाक्षरी आहे. बीएसडी घराण्यातील प्रणालींसाठी मात्र हा पहारा सहसा उठवावा लागतो. तसे करण्यापूर्वी विंडोजची डिस्क कूटबद्ध आहे का, हे पाहावे. ती तशी असेल तर हा बदल होताच विंडोज पुढच्या वेळी पुनर्प्राप्ती-किल्ली मागू शकते. ती किल्ली कागदावर उतरवून घेतलेली नसेल, तर स्वतःच्याच घराबाहेर उभे राहण्याची पाळी येते.

लाइव्ह प्रणाली सुरू झाली, की हार्ड डिस्क तिच्या फाइल-व्यवस्थापकात एका चिन्हाच्या रूपाने दिसते. ते चिन्ह उघडून आतल्या फाइली पाहता येतात. याचा अर्थ त्या पुसताही येतात. तबकडी आपण होऊन हार्ड डिस्कला हात लावत नाही. माणसाने लावला तर ती त्याला अडवत नाही. शिवाय विंडोज बंद करताना ती पुष्कळदा अर्धवट निद्रेत जाते, आणि अशा डिस्कवर बाहेरून लिहिल्यास तिची घडी विस्कटू शकते. म्हणून पारख करताना ते चिन्ह न उघडणेच बरे. पडद्यावर बहुधा आणखी एक चिन्ह असते: ‘बसवा’. ते दाबताक्षणी काही पुसले जात नाही. पुढे प्रश्न विचारले जातात आणि खरा निर्णय डिस्कच्या वाटणीच्या पानावर होतो. तरीही घाईत होकार देत जाणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. माहितीची दुसरी प्रत बाहेर सुरक्षित असल्याशिवाय तर नाहीच.

आता पारख कशाची करायची? नवख्याचे लक्ष प्रथम दिसण्याकडे जाते. रंग, चिन्हे, खिडक्यांची मांडणी यांत तास निघून जातो. पण या गोष्टी कधीही बदलता येतात. तपासायचे असते ते आपले यंत्र आणि ही प्रणाली यांचे जमते का, हे. वाय-फाय सापडते का? आवाज येतो का? कॅमेरा चालतो का? छपाईयंत्र ओळखले जाते का? लॅपटॉप मिटून पुन्हा उघडला, तर तो जागा होतो का? शेवटची कसोटी बरेच जण विसरतात आणि नंतर पस्तावतात. काही वाय-फाय चिप्सचे चालक, म्हणजे त्यांना चालवणाऱ्या छोट्या आज्ञावली, मुक्त स्वरूपात उपलब्ध नसल्याने आरंभी जाळे सापडत नाही. तेवढ्यावरून ती प्रणाली बाद ठरवू नये, मात्र बसवण्याच्या दिवशी तारेच्या जोडणीची तजवीज ठेवावी.

मराठी भाषकाने आणखी एक कसोटी घ्यावी. लेखनाची आज्ञावली उघडून, देवनागरीचा इनस्क्रिप्ट कळफलक निवडून ‘तऱ्हा’, ‘ऱ्हस्व’, ‘दुसऱ्या’, ‘बॅट’ असे शब्द लिहून पाहावेत. हिंदीपुरती तपासणी केलेल्या व्यवस्थेत मराठीचा हा आडवा अर्धा र पूर्वी हमखास अडखळत असे. आजच्या प्रमुख लिनक्स प्रणालींत तो सहसा नीट उमटतो. भारतीय भाषांकडे विशेष लक्ष देणारी ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित प्रणाली सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ मध्ये चेन्नईहून प्रसिद्ध केली. तिच्यात मराठीचाही अंतर्भाव आहे. केरळातील सरकारी आणि अनुदानित शाळांत तर संगणकाचे शिक्षण दीर्घकाळ लिनक्सवरच चालत आले आहे. लिनक्स ही केवळ अभियंत्यांची वस्तू आहे, असे म्हणणाऱ्याने त्या शाळांकडे पाहावे.

लिनक्सखेरीज त्याच घराण्यातील इतरांचीही लाइव्ह डिस्कवरून ओळख करून घेता येते. फ्रीबीएसडीवर आधारलेली घोस्टबीएसडी सुरू केली, तर पडदा लिनक्ससारखाच भासतो. खिडक्या त्याच, लेखनाची साधने तीच. फरक पडद्यामागे असतो. लिनक्समध्ये गाभा एकाचा, साधने दुसऱ्यांची आणि ती एकत्र बांधणारा तिसराच, अशी रीत आहे. फ्रीबीएसडीत गाभा आणि मूळ साधने एकाच प्रकल्पात, एकत्र घडवली जातात. तिची माहितीपुस्तिका या सुसूत्रतेमुळे वाचनीय झाली आहे. तिच्यात नव्या वाय-फाय चिप्सना आधार मात्र लिनक्सपेक्षा उशिरा मिळत आला आहे, आणि घरगुती वापरात नेमके तेच बोचते. नोमॅडबीएसडी ही दुसरी प्रणाली पेन ड्राइव्हवर कायम राहण्यासाठीच बनवलेली आहे. केलेले बदल तिच्यावर टिकतात आणि ती एका संगणकावरून दुसऱ्यावर नेता येते.

सोलारिसची कहाणी वेगळी आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने आपल्या या व्यावसायिक युनिक्सचा बराचसा भाग २००५ मध्ये ओपनसोलारिस या नावाने खुला केला, आणि मे २००८ मध्ये त्याची लाइव्ह सीडी काढली. पण २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली आणि तो प्रकल्प थांबवण्यात आला. स्रोत खुला असल्याने स्वयंसेवकांनी त्याच वर्षी ओपनइंडियाना नावाने काम पुढे चालू ठेवले. तिच्या लाइव्ह डिस्कवर एक उपयोगी साधन असते. यंत्रातील कोणत्या भागाला चालक सापडला आणि कोणता पोरका राहिला, याची ते सरळ यादी दाखवते. जुन्या घरगुती लॅपटॉपवर ती यादी पुष्कळदा निराशा करते. या प्रणालीची खासियत म्हणजे तिची फाइल साठवण्याची पद्धत. ती ठरावीक वेळी साऱ्या साठ्याची जणू छायाचित्रे घेऊन ठेवते आणि चुकून पुसलेली फाइल त्यांतून परत मिळते. हा गुण बसवल्यावर अधिक कळतो. लाइव्ह सत्रात त्याची चुणूकही क्वचितच लागते.

लाइव्ह सत्राची ही मर्यादा आहे. एका संध्याकाळच्या ओळखीत प्रणाली यंत्राशी जुळते का, हे कळते. सहा महिन्यांनी येणारे नवे अद्यतन सुरळीत पार पडेल का, हे कळत नाही. दुकानाच्या हिशेबाची जी आज्ञावली केवळ विंडोजसाठी लिहिलेली आहे, तिचे काय, हा प्रश्नही सुटत नाही. त्यासाठी आधी आपल्या रोजच्या कामांची यादी करावी आणि प्रत्येक काम नव्या प्रणालीत प्रत्यक्ष करून पाहावे. वापर केवळ पत्रे, ब्राउझर आणि चित्रपटांचा असेल, तर बहुधा अडचण येत नाही. विशिष्ट व्यावसायिक आज्ञावलीवर पोट असेल, तर जुने यंत्र केवळ तिच्यासाठी जाळ्यापासून तोडून वेगळे ठेवणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. यंत्र फार जुने, ३२ बिटांच्या काळातले असेल, तर पर्याय कमी होत चालले आहेत. उबुंटूने अशा यंत्रांसाठी प्रतिमा देणे केव्हाच बंद केले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही त्यांच्यावर प्रणाली बसवण्याची सोय उरलेली नाही.

पाहून झाले, की नेहमीच्या रीतीने संगणक बंद करावा. बहुतेक प्रणाली शेवटी तबकडी किंवा पेन ड्राइव्ह काढून घेण्याची सूचना देतात आणि एंटर दाबण्याची वाट पाहत थांबतात. त्यानंतर यंत्र पुन्हा सुरू केले, की पूर्वीची कार्यप्रणाली, तिच्यावरची छायाचित्रे आणि जमाखर्च जागच्या जागी दिसतात. क्वचित एक खूण मागे राहते. यंत्राच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ धरते, तर लिनक्स जागतिक प्रमाणवेळ. त्यामुळे भारतात लाइव्ह सत्रानंतर कधी कधी विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे गेलेले आढळते. त्यात काही बिघडलेले नसते. वेळ पुन्हा लावून घेतली की झाले.